सुटलेल्यांची पुस्तके, अडकलेली पोरे

दलित साहित्याची चर्चा सुरू झाली की अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या साहित्याचा उल्लेख हटकून होतो. एके काळी आपण त्याला ‘निग्रो साहित्य’ म्हणत होतो. म. ना. वानखडे, जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या अभ्यासकांनी या साहित्याची ओळख मराठी वाचकाला करून दिली. १९७२ साली मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने तर आपले नावच तिकडच्या ब्लॅक पँथरवरून घेतले. परंतु या तुलनेतील एक उणीव मला सतत खटकत आली आहे. आपण तिकडून विद्रोह घेतला, नकार घेतला, काळ्या कातडीचा अभिमान घेतला. त्याच पुस्तकांच्या पानापानांवर तेरा-चौदा वर्षांची पोरे नशेत बुडताना दिसतात. त्यांच्याजवळ मात्र आपण थांबलो नाही.

न थांबण्याचे कारण उघड आहे. ‘ही माणसे पितात’ हे वाक्य आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आहोत. शाळेत ऐकले, कचेरीत ऐकले, भाड्याने खोली मागायला गेलो तेव्हाही ऐकले. ज्याच्यावर हा आरोप जन्मापासून चिकटवलेला असतो, तो आपल्या घरातल्या बाटलीविषयी बोलायला कचरतो. आपण बोललो तर प्रस्थापितांच्या हाती आयते कोलीत मिळेल, ही भीती खोटी नाही. पण या भीतीपायी आपल्या समीक्षेने एक फार मोठा प्रश्न बाजूला ठेवला. कोवळ्या वयातील नशेविषयी जे साहित्य लिहिले गेले, ते कोणी लिहिले, कोणाविषयी लिहिले आणि त्यातून कोणाला क्षमा मिळाली, हा तो प्रश्न आहे.

सुरुवात एका गोऱ्या पुस्तकापासून करू. १९७१ साली अमेरिकेत ‘गो आस्क अॅलिस’ नावाचे पुस्तक निघाले. लेखकाच्या जागी ‘अनामिक’ असे छापलेले होते. एका पंधरा वर्षांच्या मुलीची ही खरी रोजनिशी आहे, असे वाचकांना सांगण्यात आले. मुलगी सुखवस्तू घरातली, वडील महाविद्यालयात शिकवणारे. एका पार्टीत तिला नकळत पेयातून एलएसडी दिले जाते, तेथून ती घसरत जाते आणि शेवटी मरते. या पुस्तकाच्या लाखो प्रती खपल्या, शाळाशाळांतून ते वाचले गेले. पुढे उघड झाले की हे लेखन बिअॅट्रिस स्पार्क्स या प्रौढ बाईच्या हातचे होते. आज त्याची गणना कादंबरीत होते.

रोजनिशी बनावट निघाली यापेक्षा तिचा घाट मला अधिक बोलका वाटतो. मुलगी निष्पाप आहे, नशा तिच्यावर बाहेरून येऊन आदळली आहे, म्हणून वाचकाने रडायचे आहे. तिच्या हातून पुढे जे काही घडते त्याचा दोष तिच्या वंशाला लागत नाही, तिच्या आईच्या वळणाला लागत नाही, तिच्या मोहल्ल्यालाही लागत नाही. एका मुलीचे दुर्दैव म्हणूनच आपण ते वाचतो. गोऱ्या मध्यमवर्गाला आपल्या मुलांविषयी असे वाटावे यात गैर काही नाही. प्रत्येक आईला आपले मूल निष्पापच वाटते. पण ही निष्पापता वाटण्याचा अधिकार सर्वांना सारखा मिळाला काय?

कायद्याकडे पाहिले तर उत्तर मिळते. १९८६ साली अमेरिकेने मादक पदार्थांविरुद्ध कायदा केला. कोकेन पावडरीच्या रूपात असले तर ते ५०० ग्रॅम विक्रीसाठी सापडल्यावर किमान पाच वर्षांची शिक्षा. तेच कोकेन शिजवून खडे केलेल्या ‘क्रॅक’च्या रूपात असले तर अवघ्या ५ ग्रॅमला तीच शिक्षा. पदार्थ मुळात एकच, प्रमाण शंभरास एक! पावडर महाग होती आणि पैसेवाल्यांच्या घरी जात होती. क्रॅक स्वस्त होते आणि गरिबांच्या गल्लीत विकले जात होते. या कायद्याखाली तुरुंगात गेलेल्यांत कृष्णवर्णीय तरुणांची संख्या प्रचंड होती. २०१० साली हे प्रमाण अठरास एकवर आणले गेले, बरोबरी मात्र तेव्हाही झाली नाही.

आता या कायद्याशेजारी दुसरी एक माहिती ठेवा. मिशिगन विद्यापीठातर्फे १९७५ पासून दरवर्षी अमेरिकन शाळांतील मुलांची पाहणी होते. बारावीच्या वर्गातील कृष्णवर्णीय मुलांमध्ये दारू, सिगारेट आणि बहुतेक मादक पदार्थांचे प्रमाण गोऱ्या मुलांपेक्षा कमी आहे, असे या पाहणीत अनेक दशके दिसत आले. शाळा सुटलेली मुले या पाहणीत येत नाहीत, हे मान्य करू. तरीही समाजाच्या डोळ्यांपुढे नशेबाज पोराचे जे चित्र उभे राहते ते काळ्या पोराचे असते, आणि त्या चित्राला पाहणीचा आधार नाही. चित्र आधी तयार होते, मग पोलीस त्या चित्राप्रमाणे पोरे शोधून आणतात. ज्या समाजाला १८७१ च्या कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरवले आणि १९५२ साली तो कायदा रद्द झाल्यावरही ज्याच्या पालांवर पोलिसांच्या धाडी पडत राहिल्या, त्या समाजाचे ‘उचल्या’ वाचलेल्या मराठी वाचकाला ही रीत समजावून सांगण्याची गरज नाही.

आतल्या माणसांनी लिहिलेली पुस्तके या चित्राला कसे तोंड देतात? क्लॉड ब्राऊन यांचे ‘मॅनचाइल्ड इन द प्रॉमिस्ड लँड’ १९६५ साली आले. न्यूयॉर्कच्या हार्लेममधील हे आत्मकथन. दक्षिणेतील गुलामीच्या भूमीतून आईबाप सुखाच्या शोधात उत्तरेत आले आणि मुले फुटपाथवर वाढली. या पुस्तकात हेरॉइन येते ते साथीच्या रोगासारखे. निवेदक तेराव्या वर्षी ते हुंगून पाहतो, भयंकर आजारी पडतो आणि त्या आजारामुळेच वाचतो. त्याच्या बरोबरीची पोरे एकेक करून जातात, सख्खा धाकटा भाऊही त्यात सापडतो. ब्राऊन काहीही झाकत नाही. चोरी सांगतो, मारामारी सांगतो, बापाचा हात कसा चालत होता तेही सांगतो. दोनच वर्षांनी, १९६७ साली, पिरी थॉमस यांचे ‘डाऊन दीज मीन स्ट्रीट्स’ आले. आई पोर्तो रिकोची, बाप क्यूबाचा, भावंडांत हाच सर्वांत काळा. घरातसुद्धा रंगाचा काटा टोचत असलेला हा मुलगा हेरॉइनमध्ये आणि तेथून दरोड्यात व तुरुंगात जातो. नशा आणि रंग यांची गाठ या पुस्तकाइतकी उघडी करून फार थोड्यांनी दाखवली असेल.

या दोन्ही पुस्तकांचे मोल मी मानतो. तरी माझा एक आक्षेप आहे. ही दोन्ही पुस्तके सुटलेल्यांची आहेत. ब्राऊन विद्यापीठाचा पदवीधर झाला, थॉमस तुरुंगातून बाहेर पडून लेखक झाला. जो सुटत नाही तो लिहीत नाही, हे तर स्वाभाविकच. पण त्याचा परिणाम काय होतो तो पाहा. सुटलेल्याचे पुस्तक प्रस्थापित वाचक मोठ्या प्रेमाने हाती घेतो आणि वाचून झाल्यावर म्हणतो, ‘हा बाहेर पडू शकला, मग बाकीचे का नाही?’ लेखकाने व्यवस्थेविरुद्ध दिलेली साक्ष त्याच्या मागे राहिलेल्या भावाविरुद्ध वापरली जाते. लेखकाचा यात अपराध नाही. परंतु समीक्षकाने हे न दाखवणे हा समीक्षकाचा अपराध आहे.

अमेरिकेच्या मूळनिवासींविषयीच्या लेखनात हीच अडचण आणखी तीव्र होते. शर्मन अलेक्सी या स्पोकेन जमातीच्या लेखकाची किशोरांसाठीची कादंबरी ‘दि अॅब्सोल्यूटली ट्रू डायरी ऑफ अ पार्ट-टाइम इंडियन’ २००७ साली आली आणि तिला त्याच वर्षी नॅशनल बुक अवॉर्ड मिळाले. तिचा नायक राहतो त्या प्रदेशालाही ‘रिझर्व्हेशन’ म्हणतात. आपल्या घटनेतील आरक्षणाशी त्या शब्दाचा संबंध नाही. जमीन काढून घेतल्यावर उरलेल्या तुकड्यावर माणसांना बसवणे, असा त्याचा तेथील अर्थ आहे. चौदा वर्षांच्या या मुलाने ४२ मयती पाहिल्या आहेत आणि त्यांतील बहुतेकांच्या मागे दारू आहे. आजी, बापाचा जिवलग मित्र, बहीण, सगळे असेच जातात. मुलगा स्वतः थेंबाला शिवत नाही. वाचायचे असेल तर येथून बाहेर पड, असे त्याला सांगितले जाते आणि तो गोऱ्यांच्या शाळेत जातो. विनोदाने लिहिलेली ही कादंबरी आतून रडते. पण दारू कोठून येते, हा प्रश्न तिच्यात मागे पडतो.

तो प्रश्न विचारायचा तर दुसऱ्या एका जमातीकडे, लाकोटांकडे, जावे लागेल. साउथ डाकोटातील पाइन रिज या त्यांच्या राखीव प्रदेशात दारूबंदी होती. सीमेला अगदी लागून, नेब्रास्का राज्यात, व्हाइटक्ले नावाचे गाव होते. वस्ती जेमतेम डझनभर माणसांची आणि बिअरची दुकाने चार! त्या चार दुकानांतून वर्षाला लक्षावधी डबे खपत होते. डझनभर माणसे एवढी बिअर पीत नव्हती हे सांगायला नको. परवाना राज्याचा, कर राज्याचा, नफा दुकानदाराचा आणि मयत लाकोटांची. वर्षानुवर्षे निदर्शने झाल्यावर २०१७ साली ही दुकाने बंद झाली. याच देशाच्या सरकारने १८३२ पासून मूळनिवासींच्या प्रदेशात दारू नेण्यास बंदी घातली होती आणि १९५३ पर्यंत वंशावर आधारलेली बंदी चालू ठेवली होती. पिण्याचा दोष रक्तात आहे असे कायद्याने सांगायचे, आणि कुंपणाबाहेर दुकान मांडून बसायचे! त्यातही मूळनिवासींत दारूला अजिबात न शिवणाऱ्यांची संख्या मोठी आहे. ‘पिणारा इंडियन’ या चित्रात त्यांना जागा नाही.

चित्र बदलू शकते हेही अमेरिकेने दाखवले आहे. १९९६ साली ऑक्सिकाँटिन हे वेदनाशामक बाजारात आले आणि गावोगावच्या गोऱ्या घरांत व्यसन शिरले. ते विकणाऱ्या कंपनीने औषधाची दिशाभूल करणारी जाहिरात केल्याचा गुन्हा २००७ साली न्यायालयात कबूल केला. आता वर्तमानपत्रांची भाषा बदलली. ‘गुन्हेगार’ हा शब्द मागे पडून ‘आजार’ हा शब्द पुढे आला, तुरुंगाऐवजी उपचार हवेत असे पुढारी बोलू लागले. ही भाषा बरोबरच आहे. प्रश्न एवढाच की क्रॅकच्या काळात ती कोठे होती?

आता आपल्या घरात येऊ. ‘बलुतं’ १९७८ साली आले. दया पवारांनी मुंबईतल्या कावाखान्याचे आणि गोदीत राबून दारूत बुडालेल्या बापाचे चित्र निर्भीडपणे काढले. त्या वेळी आपल्यातल्याच काहींना ते रुचले नाही, घरची धुणी चव्हाट्यावर कशाला, असे ते म्हणाले. आज त्या निर्भीडपणाचे महत्त्व सर्व मान्य करतात. पण ‘बलुतं’पासून पुढच्या आत्मकथनांपर्यंत एक सूत्र दिसते. पिणारा असतो तो बाप, काका किंवा शेजारी. लिहिणारा असतो तो शिकून बाहेर पडलेला मुलगा. जो मुलगा बापाबरोबर किंवा बापाच्याही आधी त्यात गेला, त्याचे आत्मकथन आपल्याजवळ नाही. म्हणजे सुटलेल्यांची पुस्तके आपलीही आहेत.

दारूविरुद्ध उभे राहण्याची आपली परंपरा जुनी आहे. जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सभासद असताना त्यांनी १८८० साली दारूच्या दुकानांच्या वाढीस लेखी विरोध केला. त्यांचे बोट परवाना देणाऱ्याकडे होते, हे ध्यानात घेतले पाहिजे. १९५६ साली नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. ती माणसाला उभे करण्यासाठी दिलेली प्रतिज्ञा आहे. आज आपल्यातील पगारदार वर्ग तिचा उपयोग कसा करतो? वस्तीतल्या पोराकडे बोट दाखवून ‘हे असले आहेत म्हणून समाज मागे आहे’ असे तो म्हणतो. जे वाक्य त्याने खोली मागताना ऐकले होते, तेच तो आता आपल्या भावाला ऐकवतो. प्रतिज्ञेची काठी करून तिने आपल्याच लेकरांना हाकलणे ही बाबासाहेबांची शिकवण खास नव्हे.

भाषेचाही विचार करा. साहेब ‘ड्रिंक घेतात’, झोपडीतला माणूस ‘बेवडा’ असतो. बंगल्यातला मुलगा ‘व्यसनाधीन’ होतो, त्याच्यावर ‘उपचार’ चालू असतात. फलाटावरच्या पोराला मुंबईने एकच शब्द दिला, ‘गर्दुल्ला’. त्या शब्दात त्याचे वय नाही, गाव नाही, आईबाप नाहीत. गर्दचा प्रश्न मराठीत अनिल अवचटांनी मांडला, आणि १९८६ साली पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू झाले. त्या कामाचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु मराठी कथा-कादंबरीने फलाटावरच्या पोराला कधी नायक केले नाही, आणि आपल्या दलित कथेतही तो रस्ता ओलांडताना ओझरताच दिसतो.

हे पोर कोण आहे? केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाच्या २०१९ च्या अहवालात देशभरातील नशेची आकडेवारी आहे. सर्व पदार्थांत एकच पदार्थ असा निघाला की जो मोठ्यांपेक्षा मुलांत अधिक चालतो. तो म्हणजे हुंगण्याचा. प्रौढांत ०.५८ टक्के, १० ते १७ वर्षांच्या मुलांत १.१७ टक्के. व्हाइटनर, पंक्चरचे सोल्युशन, थिनर. दहा-वीस रुपयांत मिळणारी, भूक मारणारी ही नशा आहे. जे पोर कचरा वेचते किंवा स्टेशनवर झोपते, त्याला ती पोळीपेक्षा स्वस्त पडते. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने मुलाला नशेचा पदार्थ देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत शिक्षा सांगितली आहे. म्हणजे कायदा मुलाला बळी मानतो. रस्त्यावरचा दंडुका मात्र त्या मुलाच्याच पाठीवर पडतो.

मग सुटलेल्याने लिहायचेच नाही काय? तसे माझे म्हणणे नाही. जेम्स बाल्डविन यांची ‘सनीज ब्लूज’ ही १९५७ सालची कथा याचे उत्तर देते असे मला वाटते. निवेदक हार्लेममधील शाळेत बीजगणित शिकवणारा मास्तर आहे. धाकटा भाऊ सनी हेरॉइनच्या गुन्ह्यात पकडला गेल्याची बातमी तो रेल्वेत वर्तमानपत्रात वाचतो. सनीकडे लक्ष दे, असे आईने मरण्यापूर्वी त्याला सांगितले होते. याच्या हातून ते झाले नाही. सनीला पियानो वाजवायचा आहे हे त्याला पोरखेळ वाटले होते. कथेत आई एक जुनी हकीकत सांगते. दारू पिऊन मोटार हाकणाऱ्या गोऱ्यांनी यांच्या चुलत्याला रस्त्यात चिरडले होते. ते गोरेही प्यालेले होते! त्यांच्या पिण्यावरून कोणी त्यांच्या वंशाची परीक्षा केली नाही. बाल्डविन हे कुठेही ओरडून सांगत नाही, हकीकत ठेवतो आणि पुढे जातो. शेवटी मास्तर भावाचे वादन ऐकायला जातो. सनी बरा झालेला नाही, नशा पुन्हा येऊ शकते हे तो स्वतःच सांगतो. बदलतो तो मास्तर. तो पहिल्यांदा ऐकतो.

या ऐकण्यातून कृतीही उभी राहते. १९७० च्या जुलैमध्ये न्यूयॉर्कच्या साउथ ब्राँक्समध्ये पोर्तो रिकन तरुणांच्या ‘यंग लॉर्ड्स’ संघटनेने लिंकन हॉस्पिटलचा ताबा घेतला. नोव्हेंबरात तेथे नशामुक्तीचे केंद्र सुरू झाले. ब्लॅक पँथरची माणसे त्यात होती, स्वतः नशेतून उठलेले त्यात होते. उपचाराबरोबर तेथे आपल्या मोहल्ल्यात हेरॉइन कोण आणतो याचीही चर्चा होत असे. १९७८ साली शहराच्या प्रशासनाने ते त्या रूपात बंद पाडले. आपण पँथरचे नाव घेतले, घोषणा घेतल्या. हे केंद्र आपल्या चर्चेत आले नाही.

मीही मास्तर आहे, म्हणून बाल्डविनची कथा मला जिव्हारी लागली. माझ्या वर्गात एक पोरगा होता. गणित तोंडी करायचा. पुढे रुमाल नाकाशी धरून बसू लागला, मग येईनासा झाला. तीन आठवडे वाट पाहिली आणि नियमाप्रमाणे मी हजेरीपटातून त्याचे नाव कमी केले. त्याची वस्ती शाळेपासून दहा मिनिटांवर होती. मी गेलो नाही. ज्या गल्लीतून आपण निघालो तिच्यात परत पाय ठेवायचा नाही, असे मीही मनाशी ठरवलेले होते. यात दोष द्यायला व्यवस्था आहे, पण त्या दहा मिनिटांचा दोष माझा आहे.

दलित साहित्याने बापाची दारू सांगितली, आता त्याने पोराचा रुमाल सांगितला पाहिजे. तो सांगताना दुकानाचा परवाना कोणाचा आणि दंडुका कोणाचा हेही सांगितले पाहिजे. नवोदित लेखकांना माझे एवढेच सांगणे आहे की आपण कसे सुटलो याची कहाणी पुरे झाली. मागे कोण राहिले त्याला जाऊन विचारा. आणि समीक्षकांनी, ज्यांत मी आलो, पुढचे आत्मकथन हाती घेताना पहिला प्रश्न हा विचारावा की या पुस्तकात लेखकाचा भाऊ कोठे आहे.